जिताडा आणि साठ अंश

दिल्लीच्या चित्तरंजन पार्कात, एक नंबर मार्केटच्या मासळीच्या गाळ्यांवर किलो-दीड किलोची भेटकी बर्फावर मांडलेली असते. ती बहुतेक करून नर असते. तिच्या शेजारी कधीमधी आठ-दहा किलोचं एखादं धूड दिसतं, ती मादी. आणि ही मादी काही वर्षांपूर्वी नर होती.

या माशाची रीतच तशी आहे. तीन ते पाच वर्षांत तो नर म्हणून वयात येतो, काही हंगाम ते काम बजावतो आणि लांबी तीन फुटांच्या आसपास पोचली की त्याच्या वृषणाचं अंडाशय होतं. हिशेब सरळ आहे. शुक्राणू बनवायला मोठं शरीर लागत नाही, अंडी वाढवायला लागतं. मोठी मादी कोट्यवधी अंडी सोडू शकते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात म्हणूनच या माशाला दोन्हीकडून संरक्षण आहे. ५८ सेंटिमीटरहून लहान मासा गळाला लागला तर परत सोडायचा आणि १२० सेंटिमीटरहून मोठा लागला तरीही सोडायचा. लहान म्हणजे उद्याचे बाप, मोठ्या म्हणजे आजच्या आया.

मोठे खवले, किंचित कुबड आल्यासारखी पाठ, पुढे आलेला खालचा जबडा आणि अंधारात उजेड पडला की चमकणारे डोळे. रायगडचा माणूस एका नजरेत सांगेल: हा जिताडा. गोव्याचा माणूस म्हणेल चणक. बंगालात भेटकी, ऑस्ट्रेलियात बॅरामंडी, दिल्ली-गुरुग्रामच्या हॉटेलांत एशियन सी बास. बर्लिनचा डॉक्टर आणि मत्स्यशास्त्रज्ञ मार्कुस ब्लोख यानं १७९० मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. आजचं नाव लेटिस कॅल्करिफर. याचा नाईल नदीतला भाऊबंद इजिप्तमध्ये इतका पूज्य होता की एस्ना गावी त्याच्या ममी करून पुरत आणि ग्रीकांनी त्या गावाचं नावच लॅटोपोलिस ठेवलं.

मेन्यूवर नुसतं ‘सी बास’ लिहिलेलं असेल तर मात्र ऑर्डर देण्याआधी विचारा. युरोपातला सी बास वेगळ्या कुळातला. ‘चिलियन सी बास’ तर बासच नव्हे. तो पॅटागोनियन टूथफिश, दक्षिण गोलार्धातल्या थंडगार खोल पाण्यातला. त्या नावानं गिऱ्हाईक जवळ येईना, म्हणून ली लँट्झ नावाच्या अमेरिकी आयातदारानं १९७७ मध्ये त्याचं नवं बारसं केलं. त्या माशाला वाताशय नसतो, तो अंगातल्या चरबीच्या जोरावर पाण्यात तोलून राहतो. त्यामुळे भट्टीत जरा जास्त वेळ राहिला तरी सहसा कोरडा पडत नाही. आपल्या जिताड्यात चरबी थोडी. चिलियन सी बासची व्हिडिओतली कृती जशीच्या तशी जिताड्यावर केली की मासा कोरडा ठक्क. मासा कुठला आहे हे आधी कळलं पाहिजे, कृती नंतर.

पेण आणि अलिबागमधल्या खारेपाटात जिताडा हा जेवणाच्या पदार्थापेक्षा मोठा आहे. खाडीचं पाणी अडवणारे बांध, आत भाताची खाचरं, गावालगत तळी. खाडीत सापडलेली जिताड्याची पिल्लं या तळ्यांत सोडायची आणि वाढवायची, हा तिथला जुना उद्योग; अलिबाग तालुक्यातल्या शहापूर-धेरंडसारख्या गावांची ओळखच जिताड्यांच्या तळ्यांमुळे आहे. साहेबाकडे काम अडलं असेल तर जिताडा पोचवावा, ही त्या भागातली जुनी चेष्टा, आणि चेष्टा म्हणून ती फार खोटीही नाही. पिल्लं मात्र भलती खादाड. भावंडांपैकी जो मोठा होईल तो लहानाला गिळतो, म्हणून संवर्धन केंद्रांत आकारानुसार त्यांच्या सतत वेगवेगळ्या टोळ्या कराव्या लागतात. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेनं १९९७ मध्ये हा मासा भारतात पहिल्यांदा बंदिस्त टाक्यांत प्रजननाला लावला. आज बाजारात येणाऱ्या जिताड्यांपैकी बरेच असे हॅचरीत जन्मलेले असतात.

खाडीच्या जिताड्याची चव तळ्यातल्याला नाही, असं खारेपाटातले जाणकार सांगतात. त्यांच्या जिभेला कळलेली ही गोष्ट रसायनशास्त्रालाही पटते. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात बाहेरच्यापेक्षा क्षार जास्त, म्हणून पाणी अंगात घुसत राहतं. समुद्रात उलट: अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं. बहुतेक मासे यातला एकच जाच सोसू शकतात. जिताडा दोन्ही सोसतो. नदीत तो पाणी जवळपास पीत नाही आणि भरपूर मूत्र टाकतो. समुद्रात पाणी पितो आणि कल्ल्यांतल्या खास पेशींकडून जादा मीठ बाहेर फेकतो. शिवाय खाऱ्या पाण्यात राहताना स्नायूंच्या पेशींतलं पाणी निघून जाऊ नये म्हणून त्यांत ग्लायसिनसारखी अमिनो आम्लं साठवली जातात. ग्लायसिन चवीला गोड असतं. ‘मासा गोड लागतो’ हे आपल्याकडचं वाक्य म्हणजे शब्दशः निरीक्षण आहे.

तळ्यातल्या माशाला कधी कधी चिखलाचा वास येतो, त्यामागे जिओस्मिन नावाचा रेणू असतो. तळ्यातले सूक्ष्मजीव तो बनवतात आणि तो माशाच्या अंगात मुरतो. पहिल्या पावसात मातीचा जो वास आपण छाती भरून घेतो, तोही याच रेणूचा. अंगणात आला तर कविता, ताटात आला तर तक्रार! समुद्राच्या माशाचा उग्र वास वेगळा. तो ट्रायमेथिलअमाइनचा, मासा मेल्यावर जिवाणूंनी केलेला. आता गंमत पाहा: आंबटपणा दोघांनाही पुरून उरतो. आम्लात जिओस्मिनची मोडतोड होते आणि ट्रायमेथिलअमाइन असं बांधलं जातं की ते हवेत उडून नाकापर्यंत येऊच शकत नाही. कोकम, चिंच, लिंबू, व्हिनेगर, दही. किनाऱ्यावरच्या प्रत्येक स्वयंपाकघरानं माशाशेजारी काहीतरी आंबट ठेवलं आहे.

दिल्लीपासून सर्वांत जवळचा समुद्र हजारेक किलोमीटरवर. तरी इथे हा मासा खाण्याजोगा पोचतो, आणि याचं श्रेय बर्फाइतकंच माशाच्या जन्मगावालाही आहे. नॉर्वेकडच्या थंड समुद्रातला मासा बर्फात ठेवला तर त्याच्या अंगावरच्या जिवाणूंना ते घरचंच हवामान वाटतं. ते आपलं काम चालू ठेवतात. चिलिका सरोवरातल्या किंवा सुंदरबनातल्या माशावरचे जिवाणू तीस अंशांच्या पाण्याला सरावलेले. शून्य अंशावर ते गारठून जातात. उष्ण पाण्यातला मासा म्हणूनच बर्फावर जास्त दिवस टिकतो. थर्माकोलच्या पेट्या गाझीपूरच्या घाऊक मंडईत उतरतात, तिथून चित्तरंजन पार्क, आयएनए मार्केट, नोएडा, गुरुग्राम. आणि कोकणातून आलेल्यांची ‘पण ताजा नाही ना’ ही कुरकुर थोडी कमी व्हावी म्हणून सांगतो: मासा मेल्यानंतर त्याच्या स्नायूंतल्या ऊर्जेच्या रेणूंचं विघटन होऊन आधी इनोसिन मोनोफॉस्फेट तयार होतं, आणि ते जिभेला फार रुचतं. नुकत्याच मेलेल्या माशापेक्षा काही तास नीट बर्फात राहिलेला मासा अधिक चवदार असू शकतो. पुढे त्याच साखळीतून कडवट पदार्थ बनतो, तेव्हा ही सबब आठवडाभर चालणार नाही.

   

विकत घेताना एकच आग्रह धरा: अख्खा मासा बघा आणि समोर कापून घ्या. सोललेल्या पांढऱ्या फिलेंच्या ढिगात बासा हा स्वस्त मासा भेटकीच्या नावानं खपवला जातो. भेटकीचं मांस घट्ट असतं आणि शिजल्यावर मोठमोठ्या पाकळ्या सुटतात. बासा मऊ आणि एकजीव राहतो. चित्तरंजन पार्कातली कापणी मुद्दाम उभं राहून पाहण्यासारखी. आपल्या विळीची थोरली बहीण शोभेल अशी उभ्या पात्याची बोंटी पायाखाली दाबून दादा बसलेला असतो, पातं जागचं हलत नाही, मासा हलतो. ‘पातुरी पीस’ म्हटलं की रुंद, सपाट तुकडे येतात. ‘फ्राय पीस’ म्हटलं की पातळ, लांबट. कालवणासाठी हाडासकट गोल तुकड्या मागायच्या. कुठल्या पदार्थाला कसा काप, हे त्याला तोंडपाठ असतं.

आता या सगळ्या पदार्थांच्या मुळाशी असलेला आकडा. मासा पाण्यात तरंगतो. गाई-बकऱ्यांसारखं त्याला स्वतःचं वजन पायांवर पेलायचं नसतं. त्यामुळे स्नायू बांधून ठेवणारं कोलॅजन त्याच्या अंगात थोडं आणि नाजूक. मटणातलं कोलॅजन विरघळवायला तासन् तास शिजवावं लागतं. माशातलं पन्नास-पंचावन्न अंशांनाच सैल पडतं, आणि स्नायूंचे थर पाकळ्यांसारखे सुटे होतात. साठ अंशांच्या आसपास मासा शिजलेला आणि रसाळ असतो. तिथून पुढे प्रथिनं आवळत जातात, पाणी पिळून बाहेर येतं, आणि सत्तरीत पोचेपर्यंत घास कोरडा होतो. उलट चूल, तेल, तंदूर यांचं तापमान दीडशेपासून चारशेपर्यंत. तेव्हा जिताडा शिजवण्याची प्रत्येक पद्धत म्हणजे त्याला आगीपासून वाचवण्याची युक्ती आहे. बंगालनं एक ढाल शोधली, कोकणानं दुसरी, पंजाबनं तिसरी. थर्मामीटर कुणाकडेच नव्हता.

सगळ्यांत देखणी ढाल केळीच्या पानाची. भेटकीची पातुरी करायची तर बोटभर जाड तुकड्यांना मीठ-हळद लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवा. हे मीठ चवीपुरतं नाही. ते पृष्ठभागावरची प्रथिनं थोडी विरघळवतं, त्यामुळे पाणी आत धरून ठेवलं जातं आणि शिजताना बाहेर येणारा पांढरा फेसही कमी येतो. मग मोहरी. काळी आणि पिवळी मिसळून, थंड पाण्यात भिजवून, हिरवी मिरची आणि मीठ घालून वाटायची. लोणच्याची मोहरी फेसलेल्या घरात हे निराळं सांगायला नको, पण त्या फेसण्यात काय घडतं ते विलक्षण आहे. अख्ख्या मोहरीला झणका नसतोच. तिच्या पेशींत एका कप्प्यात सिनिग्रिन असतं, दुसऱ्यात मायरोसिनेज नावाचं विकर. दाणा चिरडला, पाणी मिळालं की दोघांची गाठ पडते आणि नाकात जाणारा तो तिखट वायू जन्मतो. दाणा कुरतडणाऱ्या किड्यासाठी मोहरीनं रचलेला हा सापळा, आणि आपण मिटक्या मारत त्यात पडतो. वाटताना गरम पाणी वापरलं तर विकर मरतं आणि झणका येतच नाही.

या वाटणात ओलं खोबरं आणि कच्चं मोहरीचं तेल कालवायचं. केळीचं पान आचेवरून फिरवलं की त्याच्यावरचं मेण वितळतं, पान चकाकतं आणि न फाटता वळतं. पानग्या करणाऱ्यांना हे ठाऊक आहे. पुडी बांधून दहा-बारा मिनिटं वाफवा, किंवा झाकण ठेवून तव्यावर दोन्ही बाजू पाच-सहा मिनिटं. तव्यावरची पुडी मला जास्त आवडते, कारण पान बाहेरून करपतं आणि धुराचा हलका वास आत उतरतो. आत मात्र जोवर ओलावा आहे तोवर शंभराच्या वर पारा जात नाही. पारशी लोक पापलेटाची पात्रा नी मच्छी याच तत्त्वावर करतात, हिरव्या चटणीत. आणि उत्तर ऑस्ट्रेलियातले मूळ रहिवासी हाच मासा पेपरबार्क झाडाच्या कागदासारख्या सालीत गुंडाळून निखाऱ्यांवर ठेवतात. गंगेच्या मुखाशी आणि तिथे, एकाच माशासाठी एकच उत्तर.

नोएडाच्या सोसायटीत केळीचं पान कुठून आणायचं? आयएनएत आणि चित्तरंजन पार्कात मिळतं. नाहीच मिळालं तर बंगाली गृहिणी करतात तसं करा: तुकडे आणि वाटण स्टीलच्या टिफिनच्या डब्यात भरा, झाकण घट्ट लावा आणि डबा उकळत्या पाण्यात किंवा शिट्टी न लावता कुकरमध्ये ठेवा. याला भापा म्हणतात. पानाचा वास नाही, बाकी सगळं आहे, आणि ऑफिसातून आल्यावर करण्यासारखं आहे.

दुसरी ढाल तळणीची. तेल १७०-१८० अंशांवर असतं, तरीही रवा लावलेली तुकडी आतून रसाळ राहते, कारण तुकडीतून वाफ बाहेर जोर मारत असते. बुडबुडे दिसतात ते तेच. जोवर ते जोरात येतात तोवर तेलाला आत शिरायला फारसा वाव नसतो. बुडबुडे मंदावले की समजावं, पाणी संपत आलं, काढा. कोकणी पद्धतीत कोकमाचं आगळ, हळद, तिखट, आलं-लसूण लावून वर रवा आणि थोडं तांदळाचं पीठ. रव्याचे कोरडे कण पृष्ठभागावरचं पाणी शोषून घेतात, म्हणून कवच पटकन खमंग होतं. गोव्यात चणकाच्या तुकड्यांना आधी रेशाद मसाला चोपडतात. त्यातलं व्हिनेगर वर सांगितलेलं आंबटपणाचं काम करतं. तिरफळ मात्र या माशावर वाया घालवू नका, ते बांगड्या-तारलीसारख्या तेलकट माशांवर खुलतं.

कोलकात्याचा फिश फ्राय ब्रेडच्या चुऱ्यात घोळलेला असतो, सोबत कासुंदी ही मोहरीची चटणी. त्याहून अचाट प्रकार कोबिराजीचा: फेटलेलं अंडं गरम तेलात धारेनं सोडतात, त्याची जाळी होते आणि ती जाळी माशाभोवती लपेटतात. घरी करायला अवघड, स्वयंपाकघर पुसायला त्याहून अवघड. तो हॉटेलातच खावा.

तिसरी ढाल दिल्लीतल्या पंजाब्यांची, दही-बेसनाची. फाळणीनंतर पेशावरकडून आलेल्यांनी तंदूर हॉटेलात आणला, दर्यागंजचं मोती महल त्यात सर्वांत गाजलं, आणि तंदुरी कोंबडीच्या मागोमाग मासाही सळईवर चढला. तंदुराच्या भिंती चारशे अंशांपर्यंत तापतात. तिथे जिताड्याचा तुकडा उघडा धरला तर बाहेर कोळसा आणि आत कच्चा. म्हणून दोन लेप: पहिला मीठ-लिंबाचा, दुसरा बांधलेल्या दह्याचा, त्यात भाजलेलं बेसन, ओवा, मोहरीचं तेल आणि तिखट. दह्यातलं पाणी उडेपर्यंत लेप तापमान रोखून धरतो आणि तेवढ्यात आतला भाग साठीला पोचतो. दह्यात रात्रभर मुरवत ठेवण्याची सवय कोंबडीची. माशाला अर्धा तास पुष्कळ. आम्लानंही प्रथिनं शिजल्यासारखी होतात, आणि जास्त वेळ गेला तर मांस पिठूळ होतं. घरच्या ओटीजीत सर्वांत वरच्या कप्प्यात, पूर्ण तापवून, मोठे तुकडे दहाएक मिनिटं. तुकडे लहान करण्याचा मोह आवरा.

कारण जाडीचं गणित फसवं आहे. उष्णता बाहेरून आत झिरपत जाते, आणि तिला लागणारा वेळ जाडीच्या वर्गानं वाढतो: जाडी दुप्पट, वेळ जवळजवळ चौपट. अर्ध्या इंचाच्या तुकड्याला दोन मिनिटं जास्त झाली तर तो गेलाच. दीड इंचाचा तुकडा तेवढी चूक पोटात घालतो. बंगाली गिऱ्हाईक मोठ्या भेटकीकडे आदरानं बघतं त्यामागे हेही आहे. शेपटीकडचे पातळ तुकडे आणि पाठीकडचे जाड तुकडे एकाच वेळी एकाच तव्यात टाकू नयेत, हेही यातूनच निघतं. शिजलं का हे बघायला सर्वांत जाड भागात टूथपिक खुपसा. आरपार सहज गेली, पाकळी हलकेच सुटली, मांसाची काचेसारखी झाक जाऊन ते दुधी झालं, की आच बंद. आतली उष्णता पुढचं काम करते.

चौथी ढाल रश्शाची, आणि माझं मत विचाराल तर जिताड्यासाठी हीच सर्वश्रेष्ठ. आगरी-कोळी घरांतलं कालवण: तेलात ठेचलेला लसूण, हळद, घरचा मसाला, चिंचेचा कोळ, पाणी. रस्सा आधी चांगला उकळू द्यायचा, चव बघायची, मीठ जुळवायचं. मासा सर्वांत शेवटी सोडायचा, आच मंद करायची आणि पाच-सात मिनिटांत उतरवायचं. कालथा घालायचा नाही. टोपाचे कान धरून टोपच हलवायचा. लहानपणी हा नुसता दंडक वाटतो. कोलॅजनबद्दल वाचल्यावर कळतं की त्या क्षणी पाकळ्यांना एकत्र धरणारं काहीच उरलेलं नसतं. ते विरघळलेलं कोलॅजन रश्शात जिलेटिन होऊन उतरतं. म्हणून जिताड्याचा रस्सा ओठांना किंचित चिकटतो, दिल्लीच्या जानेवारीत रात्रभर ओट्यावर राहिला तर सकाळी थरथरता गोठलेला असतो. रात्रभर मुरलेलं कालवण आणि गरम भात, हा त्या थंडीतला न्याहारीचा प्रकार निंदणाऱ्यांनी आधी चाखून बघावा.

आणखी दोन पद्धती थोडक्यात. थायलंडमध्ये हाच मासा अख्खा वाफवतात, पाऊण किलोचा असेल तर पंधराएक मिनिटं, आणि लिंबू, लसूण, मिरचीचं पाणी शिजल्यानंतर वर ओततात. लिंबू आधी घातलं तर त्याचा वास वाफेबरोबर निघून जातो. ऑस्ट्रेलियात फिले कातडीसकट ठेवतात, कातडी कोरडी पुसून तीच बाजू तव्याला लावतात आणि शिजण्याचा बहुतेक वेळ तिच्यावरच काढतात. इथे कातडी हीच ढाल, ती कुरकुरीत होते आणि वरचं मांस हलक्या आचेवर शिजतं. दिल्लीत फिले मागितलं की दादा कातडी काढूनच टाकतो, म्हणून ‘खवले काढा, कातडी राहू द्या’ असं आधी सांगावं लागतं.

आणखी एक गोष्ट त्याला आधीच सांगा. अख्ख्या भेटकीतून फिले निघतं ते साधारण निम्म्या वजनाचं. उरलेलं डोकं आणि मधला काटा बाजूच्या टोपलीत पडतो, आणि बहुतेक परप्रांतीय गिऱ्हाइकं तो तिथेच सोडून जातात. बंगाली घरात त्या काट्याची भाज्या घालून चच्चडी होते. आपल्याकडे डोकं कालवणात पडतं, आणि गालातला तो लहानसा गोळा कुणाच्या ताटात जाणार यावर घरात वाद होतो. माशातलं सर्वांत जास्त जिलेटिन याच भागांत असतं. तुम्ही पैसे अख्ख्या माशाच्या वजनाचे दिलेत. डोकं आणि काटा मागून घ्या.